चांद्याच्या खाणी



या मांडवात दिवे लागले आहेत, डोक्यावर पंखे फिरत आहेत, आणि आमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून हा ध्वनिक्षेपकही चालू आहे. ही वीज कोठून आली, हा प्रश्न ती असेपर्यंत कोणी विचारीत नाही; ती गेली म्हणजे मात्र सगळेच विचारतात. तारेतून येणाऱ्या विजेला गावाचे नाव चिकटलेले नसते हे खरे. तरीपण महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग कोळशावर तयार होतो, आणि त्या कोळशाचे एक मोठे कोठार म्हणजे आमचा चांदा जिल्हा. सरकारी दप्तरात त्याला आता चंद्रपूर म्हणतात. आम्ही त्या मुलखाचे रहिवासी आहोत, आणि आपल्या दिव्याखाली उभे राहून तिकडच्या अंधाराविषयी चार शब्द बोलावे, एवढ्याच हेतूने येथे आलो आहो.

प्रथमच एक खुलासा करतो. आम्ही चांदा म्हणू तेव्हा जुना, अखंड जिल्हा डोळ्यांपुढे आणावा. १९८२ साली त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. जमिनीखालच्या खडकांना मात्र ही वाटणी ठाऊक नाही.

चांदा म्हटले की बाहेरच्या माणसाला प्रथम ऊन आठवते. मे महिन्यात तेथे पारा ४८ अंशांच्या घरात गेल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. अशा गावच्या माणसाने बर्फाची गोष्ट सांगू नये. पण ती सांगितल्याशिवाय कोळशाची गोष्ट सुरू होत नाही. पैनगंगेच्या खोऱ्यात इरई म्हणून एक गाव आहे. भूगर्भ खात्याच्या फेडन नावाच्या अधिकाऱ्याला १८७० च्या दशकात तेथे चुनखडीच्या खडकावर समांतर ओरखडे आढळले, आणि त्यावर दगडगोट्यांचा जुना थर पसरलेला दिसला. वाहत्या पाण्याने दगड गुळगुळीत होतो. त्यावर असे सरळ चरे पडत नाहीत. असे चरे पडतात ते बर्फाच्या जड थरात रुतलेले दगड खडकावरून घासत गेल्याने. म्हणजे आज जेथे उन्हाने माणसे पटापट सावली गाठतात, तेथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या सरकत होत्या. तेव्हा आपली ही भूमी दक्षिण ध्रुवाजवळ होती, आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका हे तिचे शेजारी होते.

पुढे हवा उबदार झाली, बर्फ वितळला, सखल भागात दलदली झाल्या. त्यांत जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे दाटीने वाढली. ती मोडून पडली, पाण्याखाली गाडली गेली, हवा न लागल्याने कुजून नाहीशी झाली नाहीत. त्यांवर वाळूचे आणि चिखलाचे थर बसले, आणि त्या भाराने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. काही ठिकाणी हा थर पंधरा मीटरांहूनही जाड भरतो. या सगळ्या खडकसमूहाला आणि त्या प्राचीन खंडाला शास्त्रज्ञांनी जे नाव दिले ते ‘गोंडवन’. जगातील कोणत्याही देशाचे भूशास्त्राचे पुस्तक उघडा, त्यात हे नाव आहे. ज्या गोंडांनी चांद्यावर शतकानुशतके राज्य केले त्यांचे नाव पृथ्वीच्या इतिहासात असे कायमचे कोरले गेले आहे. त्यांच्या आजच्या वंशजांच्या पदरी काय पडले, याकडे आम्ही शेवटी येणारच आहो.

कोळशाच्या आधी आमचा जिल्हा ओळखला जात होता तो हिऱ्यांसाठी आणि लोखंडासाठी. अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे, आणि ते ठाणे चांद्याच्या गोंड राजाच्या ताब्यात असल्याचेही म्हटले आहे. आज वैरागडला जाल तर किल्ला दिसेल. हिरे मात्र दिसणार नाहीत. ती खाण संपली, आणि मागे पुस्तकातील एक ओळ तेवढी राहिली.

लोखंडाची गोष्ट याहून मोठी. जिल्ह्याच्या पूर्वेस लोहारा, गुंजेवाही, देवलगाव, रत्नापूर, पिपळगाव अशी गावे आहेत, की जेथे लोहखनिजाच्या टेकड्याच उभ्या आहेत. लोहारा हे नावच बोलके आहे. या भागातील लोहार मातीची लहान भट्टी बांधीत. तीत कोळशाचा एक थर, फोडलेल्या दगडाचा एक थर असे भरीत. हा कोळसा म्हणजे खाणीतला नव्हे, लाकडाचा. मग कातडी भात्याने तासन्‌तास वारा घालीत. या भट्टीत लोखंड वितळून पाण्यासारखे होत नसे. मळी तेवढी वितळून खालच्या भोकातून वाहून जाई, आणि आत स्पंजासारखा लोखंडाचा गोळा उरे. तो तापलेला असतानाच घणाखाली कुटून त्यातील उरलीसुरली मळी काढीत. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा हे सारे त्यातूनच घडे.

ही विद्या कोणत्या शाळेत शिकवीत नसत. ती बापाकडून मुलाकडे जाई. एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. जंगल राखीव झाले, त्यामुळे लाकडी कोळसा महागला. आणि आगगाडीतून विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले. लोहाराची भट्टी विझली. टेकड्या होत्या तेथेच राहिल्या, पण त्यांतून लोखंड काढण्याचे गावचे ज्ञान गेले. दगड न संपताही धंदा संपतो, त्याचे हे एक उदाहरण. येथून आम्ही आपल्यापुढे एक साधा प्रश्न ठेवतो, आणि पुढच्या प्रत्येक खाणीला तोच विचारणार आहो : खाण गेल्यावर मागे काय उरले?

आता वरोऱ्याला चलू. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे हे इंग्रज सरकारला कळले तेव्हा त्यांना त्याची निकड होती ती आगगाडीसाठी. बंगालचा कोळसा इतक्या दूर आणणे महाग पडे. १८७० च्या दशकात सरकारने वरोरा येथे खाण चालू केली, आणि वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत मुद्दाम लोहमार्ग टाकला. भूगर्भ खात्याच्या ह्यूज याने या सबंध कोळसाक्षेत्राचे वर्णन १८७७ साली प्रसिद्ध केले. वरोऱ्याची खाण सुमारे तीन तपे चालली, आणि १९०६ साली बंद झाली.

खाण बंद पडली की गाव ओस पडते, असा जगभरचा अनुभव आहे. वरोरा ओस पडले नाही. का? कोळशासाठी आलेली आगगाडी कापसासाठी उपयोगी पडली. आजूबाजूच्या काळ्या जमिनीतला कापूस वरोऱ्याच्या बाजारात येई, आणि तेथून तो गाडीत चढे. कोळशाने जाताना मागे रूळ ठेवले, आणि गाव त्या रुळांवर तगले. १९५१ साली बाबा आमट्यांनी आनंदवन वसविले तेही याच गावाच्या शिवेवर, दगडाळ आणि पडीक जमिनीवर. तेव्हा वरोऱ्याच्या हिशेबात जमेची बाजू आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

वरोऱ्याची खाण ऐन भरात होती तेव्हाची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण ती थोडी चुकली नसती तर हिंदुस्थानचा पहिला मोठा पोलाद कारखाना कदाचित आमच्या जिल्ह्यात उभा राहिला असता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झालेली होती. १८८२ साली त्यांच्या हाती फॉन श्वार्त्स या जर्मन भूशास्त्रज्ञाचा एक अहवाल पडला. चांदा जिल्ह्यात लोखंड गाळण्याचा धंदा किफायतशीर होईल का, असा त्याचा विषय होता. लोहाऱ्याचे खनिज उत्तम, आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा! जमशेटजींच्या मनाने तेव्हापासून जे घेतले ते अखेरपर्यंत सुटले नाही.

पण या दोघांची पत्रिका जुळेना. पोलादाच्या मोठ्या भट्टीत जो कोळसा लागतो तो बंद भट्टीत तापविल्यावर मऊ होऊन पुन्हा घट्ट, सच्छिद्र ढेप बनणारा हवा. त्या ढेपेला कोक म्हणतात. भट्टीत वरून पडणारा खनिजाचा सगळा भार तिने तोलून धरावयाचा असतो, आणि खालून येणारा वारा तिच्या फटींतून वर जावयाचा असतो. वर्धा खोऱ्याचा कोळसा तापविला की त्याची अशी ढेप होत नाही. तो भुगाच राहतो. बाष्पयंत्राला तो चालतो, पोलादाला नाही. शिवाय त्या काळचे खनिजविषयक नियम इतके जाचक होते, की खाजगी माणसाने त्यात पैसा घालणे कठीणच होते. जमशेटजींनी तो विचार बाजूला ठेवला. १८९९ साली नियम सैल झाले तेव्हा त्यांनी तो पुन्हा उचलला.

१९०४ साली वेल्ड नावाचे अमेरिकन भूशास्त्रज्ञ, आणि त्यांच्याबरोबर जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी, बैलगाड्यांतून चांद्याच्या जंगलात हिंडले. पाहणीअंती ठरले की लोखंड चांगले, पण मोठ्या कारखान्याला जन्मभर पुरेल इतके नाही, आणि कोळशाची अडचण तर होतीच. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी वारले. चांद्याचा नाद सोडला, असे सांगावयास दोराबजी नागपूरला गेले. ज्या अधिकाऱ्याला भेटावयाचे तो जागेवर नव्हता, म्हणून वेळ घालवावयास ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. भिंतीवर मध्य प्रांताचा एक भूशास्त्रीय नकाशा टांगला होता. त्यात दुर्ग जिल्ह्याच्या एका भागावर लोखंडाची खूण दाट रंगात दिसली. तेच दल्ली-राजहरा. पी. एन. बोस या हिंदी भूशास्त्रज्ञाच्या पाहणीवरून तो भाग रंगविलेला होता, आणि याच बोसांनी पुढे मयूरभंजच्या लोखंडाविषयी पत्र पाठवून टाटांना तिकडे वळविले. १९०७ साली कंपनी निघाली, साकची येथे कारखाना झाला, आणि १९१२ साली तेथे पोलाद निघाले. दल्ली-राजहऱ्याचे लोखंड पुढे स्वतंत्र भारतात भिलाईच्या कामी आले.

चांद्याच्या वाट्याला कारखाना आला नाही. पण त्या वीस-बावीस वर्षांच्या खटपटीतून जे ज्ञान जमले, त्यातून दुसरीकडे दोन पोलादनगरे उभी राहिली. नकाशा भिंतीवर टांगलेला होता, म्हणून हे झाले. आपल्या पायांखाली काय आहे याची नोंद सर्वांना दिसेल अशी ठेवणे, हेही खाणीचे एक उत्पन्नच आहे, असे आम्ही समजतो.

वरोरा थकले तोवर बल्लारपूरची खाण सुरू झाली होती. रूळ पुढे सरकले, मग मद्रासकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गाला जोडले गेले. घुग्घुस, माजरी, खुद्द चांदा शहराच्या आसपासचा परिसर, सगळीकडे विहिरी खोल गेल्या. १९७३ साली कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, आणि १९७५ पासून वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आमच्याकडील वर्तमानपत्रांची ‘वेकोलि’, त्या चालवू लागली. १९८३ साली चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. राजुरा आणि कोरपना तालुक्यांत कोळशाहून कितीतरी जुना चुनखडक आहे. चुनखडक आणि कोळसा शेजारी असले की सिमेंट होणारच. म्हणून तिकडे सिमेंटचे कारखाने ओळीने उभे राहिले. आपण राहता त्या घराच्या भिंतीतही आमच्या जिल्ह्याचा एखादा कण असेल.

ज्या माणसांनी हा कोळसा काढला त्यांच्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. आमच्या ओळखीचे एक वृद्ध कामगार आहेत. त्यांनी तीस वर्षे भूमिगत खदानीत काढली. आमच्याकडे खाणीला खदान म्हणतात. ते एकदा आम्हांला म्हणाले, “गुरुजी, खाली गेलं की छताशी बोलावं लागते. सळीनं ठोकून पाहायचं. टण्ण आवाज आला तर खुशाल काम करा. भदभद आवाज आला, तर हातचं टाकून मागं या.” भूमिगत खदानीत कोळशाचेच खांब मधे मधे सोडतात आणि त्यांवर छत तोलतात. शेवटी ते खांबही काढावयाचे झाले, तर पोकळीत नदीची रेती पाण्याबरोबर सोडून ती भरावी, असा शहाणपणाचा प्रघात आहे. जेथे तो पाळला जात नाही तेथे पोकळी तशीच राहते. तिच्यावर पुढे गाव वाढते, आणि खाली काय आहे हे नव्या पिढीला ठाऊक नसते.

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला काय झाले ते आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. भरवस्तीतले एक राहते घर दिवसाढवळ्या जमिनीत गडप झाले. घरची माणसे वेळीच बाहेर पडली, म्हणून वाचली. त्या वस्तीखाली इंग्रजी अमदानीतील जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. त्या खाणीतला कोळसा केव्हाच जळून गेला. त्याने कोणते इंजिन चालले हेही कोणास आठवत नसेल. पण पोकळी आपले काम विसरली नव्हती. वरोऱ्याच्या खाणीने मागे रूळ ठेवले. या खाणीने मागे खड्डा ठेवला.

आता बहुतेक कोळसा खुल्या खदानींतून निघतो. तीत कामगाराच्या डोक्यावर छत नसते, ही मोठीच सोय झाली. परंतु कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती, वाळूचा खडक, सारे उपसून बाजूला टाकावे लागते. कापूस आणि सोयाबीन देणारी काळी माती त्या ढिगाऱ्यात खाली जाते, आणि खालचा खडक वर येतो. पावसाळ्यात हे ढिगारे ओघळून नदीनाल्यांत उतरतात. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची गुणवारी लावली, तीत चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. शाळेत हे गुण पाहून पेढे वाटले असते. येथे जितके गुण अधिक तितके हवापाणी वाईट. देशात आमचा क्रमांक चौथा आला. आमच्या घरी गच्चीवर वाळत घातलेले पांढरे धोतर संध्याकाळी झटकून घ्यावे लागते. तेव्हा त्या आकड्याची खात्री पटविण्यास आम्हांला वेगळ्या पुराव्याची गरज पडली नाही.

आणि आता लोखंड पुन्हा आले आहे. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात उत्तम लोहखनिज आहे. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे नक्षलवाद्यांनी कित्येक वाहने जाळली. काम थांबले, आणि २०२१ पासून ते मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू झाले. त्या डोंगरावर माडिया लोकांचे ठाकुरदेवाचे स्थान आहे, आणि दरवर्षी तेथे यात्रा भरते. अनेक ग्रामसभांनी या खाणीला विरोध केला. उलट, रोजगार येईल, रस्ते होतील, दवाखाना होईल, असे म्हणणारे तरुणही त्याच भागात आहेत. आम्ही दोन्ही बाजूंचे ऐकले आहे, आणि दोघांचेही बोलणे खोटे नाही. बंदुकीच्या धाकाने खाण बंद ठेवणे जितके वाईट, तितकेच बंदोबस्ताच्या बळावर ती चालविणे अपुरे. ज्याचा देव त्या डोंगरावर आहे त्याला मोकळ्या मनाने हो किंवा नाही म्हणता आले पाहिजे. तसे त्याला म्हणता येते का, हे आपण शहरातल्या लोकांनी विचारले पाहिजे. कारण ते लोखंड आपल्याचकडे येणार आहे.

खाणी बंद करा, असे सांगावयास आम्ही येथे आलो नाही. दिव्याखाली उभे राहून दिव्याची निंदा करणे शोभत नाही. सांगावयाचे आहे ते इतकेच, की खाण ही शेती नव्हे. शेतकरी पेरतो, काढतो, आणि पुढच्या मृगात पुन्हा पेरतो. खाणीचे पीक एकदाच निघते. शेताच्या उत्पन्नावर संसार चालविता येतो. खाणीचे उत्पन्न मात्र वडिलोपार्जित दागिना मोडून आलेल्या पैशासारखे आहे. तो पैसा खाऊन टाकला तर घर रिकामे. त्यातून विहीर खणली, मुलगा शिकविला, तर दागिना गेल्याचे दुःख होत नाही.

ही गोष्ट आता कायद्यानेही मान्य केली आहे. २००९ पासून कोळशाच्या खाणीला आरंभीच बंद करण्याची योजना करावी लागते, आणि त्यासाठी पैसा वेगळा ठेवावा लागतो. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. सरकारला मिळणारे स्वामित्वधन, ज्याला आपण रॉयल्टी म्हणतो, त्याखेरीज जुन्या पट्ट्यांवर त्याच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के इतकी रक्कम खाणचालकाने या प्रतिष्ठानाला द्यावयाची, आणि ती खाणीची झळ पोहोचलेल्या गावांसाठी, म्हणजे पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांसाठी, खर्च व्हावयाची. कायदा चांगला आहे. परंतु कायदा म्हणजे कुलूप. किल्ली फिरवावयास माणूस लागतो. प्रतिष्ठानाचा पैसा गावच्या नळावर खर्च झाला की जिल्ह्याच्या ठिकाणच्या सुशोभनावर, हे विचारणारा कोणी नसेल, तर उत्तर काय मिळेल ते सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणून आमची आपल्याला एवढीच विनंती आहे. खाणीविषयी बातमी वाचाल तेव्हा किती लाख टन निघाले, एवढेच वाचून थांबू नका. ती किती वर्षे पुरणार, आणि त्यानंतर तेथे काय उरणार, रूळ की खड्डा, हे विचारा. आमच्याकडची माणसे हा प्रश्न विचारतात; पण त्यांचा आवाज मुंबईपर्यंत जाता जाता वाटेत विरतो. वीज इतक्या दूर बिनबोभाट येऊ शकते, तर आवाज का येऊ नये?

आपण उकाड्यात इतका वेळ शांतपणे बसलात. चांद्याच्या माणसाला उकाड्याचे काही वाटत नाही. पण आपल्या आस्थेचे वाटले.